हॉफरातीणबाईंची मागची गाठ

९ ऑगस्ट

दैनंदिनी लिहायची मला सवय नाही आणि हौस तर त्याहून नाही. ही वही घ्यावी लागली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई वोंद्राक यांच्यामुळे. मार्चमध्ये त्या कॉफीला आल्या, माझ्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि तोंड पुसता पुसता म्हणाल्या, "तुमचं तळं छानच असेल हो. पण एकदा आमचा वोर्थरसे पाहिला की दुसरीकडे पाय वळत नाही." वोर्थरसे म्हणजे केर्न्टन प्रांतातलं तळं, नुसतं कोमट पाणी. त्यात माणूस पोहतोय की न्हातोय हे त्याचं त्यालाच कळत नाही. तेव्हाच ठरवलं की यंदा आमच्या ग्रुंडलसे तळ्याच्या काठी जे जे पाहीन आणि जे जे खाईन ते सगळं लिहून ठेवायचं आणि ऑक्टोबरमध्ये बाईंना वाचून दाखवायचं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, अशांना पुरावाच दाखवावा लागतो.

दुपारी पोचलो. सामान माझ्या धाकट्या बहिणीनं, वाल्लीनं उचललं. माझा उजवा खांदा दोन वर्षांपासून आखडलाय. हात पुढे जातो, थोडा वर जातो, मागे मुळीच जात नाही. वाल्ली त्रेसष्ट वर्षांची, बिनलग्नाची, औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे आयुष्य काढलं. व्हिएन्नाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहते आणि रोज सकाळी ट्रामनं माझ्याकडे येते. तिनं ती खोली सोडून ऑक्टोबरपासून माझ्याकडेच राहायला यावं, असं मी ठरवलं आहे. स्वयंपाकघराला लागून एक खोली रिकामीच आहे. एकटी बाई, तिला आहे कोण? जूनमध्ये सांगितलं, पण अजून तिच्या तोंडून हो निघालेलं नाही. इथल्या मुक्कामात काढून घेते.

या वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते. सकाळी तिची ट्राम येईपर्यंत मी आतल्या कपड्याचे मागचे हूक न लावता, वर शाल पांघरून बसलेली असते. परवा ट्राम बंद होती तर दहा वाजेपर्यंत बसले होते. हे तिला कळायचं कारण नाही.

संध्याकाळी आमच्या खाणावळीची मालकीण त्सेंझी हिनं भाजलेला झाइबलिंग वाढला. याच तळ्यातला मासा, लोण्यात खरपूस. तो आणून देणारा कोळी कोलोमान, विधुर, अंगानं कपाटाएवढा, मागच्या दारानं आला आणि टोपी काढून मला वाकून म्हणाला, "हॉफरातीणबाई, आलात? फार बरं झालं. फार वाट पाहिली."

माझे यजमान सरकारी मोजमाप खात्यात हॉफरात होते. हॉफरात म्हणजे दरबारी सल्लागार. दरबार जाऊन शंभर वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नवऱ्याच्या पदवीत बायकोचा वाटा असतोच आणि नवरा गेला की सगळीच बायकोची होते. हे या कोळ्याला कळतं, व्हिएन्नातल्या खाटकाला कळत नाही.

त्याच्या पायात हिरवे विणलेले लांब मोजे होते. वाल्लीनं हिवाळाभर चर्चच्या विक्रीसाठी विणले होते अगदी तसेच. त्या विक्रीचा माल कुठे कुठे जातो पाहा.

१० ऑगस्ट

सकाळपासून दोरीसारखा सरळ पाऊस. दोरीसारखा म्हणजे थांबणार नाही.

वाल्लीनं नवा डिर्न्डल घेतलाय. इथला रिवाजाचा, हिरवी चोळी, गुलाबी घागरा, वर जांभळा अ‍ॅप्रन. तिच्या वयाला गुलाबी? मी म्हटलं, "नाकापेक्षा मोती जड झालाय." ती हसली आणि आरशात पाहत राहिली. आरशात पाहायची तिला कधी सवय नव्हती.

माझी अ‍ॅप्रनची गाठ तिनं नेहमीप्रमाणे मागे बांधली. विधवेची मागे, लग्न ठरलेलीची किंवा झालेलीची उजवीकडे, मोकळीची डावीकडे. वाल्लीची जन्मभर डावीकडे. तिकडे कोणी कधी ढुंकून पाहिलं नाही, पण रिवाज तो रिवाज.

"गेरली," बांधता बांधता ती म्हणाली, "मला तुझ्याशी जरा बोलायचंय."

"खोलीबद्दल ना? तिथला पडदा बदलून देईन."

"नाही, म्हणजे..."

"पडदा बदलल्यावर उजेड येतो गं. आणि गाठ जरा सैल कर, जेवायचंय."

जेवणात कायझरश्मार्न, म्हणजे फाडलेलं गोड धिरडं आणि आलूबुखाऱ्याचा मुरांबा. तळणीतूनच टेबलावर. डॉक्टरीणबाईंच्या केर्न्टनमध्ये हा बशीत, चार तुकडे मोजून देतात म्हणे.

१३ ऑगस्ट

तीन तळ्यांची फेरी केली. मोठ्या तळ्यात बोटीनं, मग रानातून थोडं चालत, मग दुसऱ्या तळ्यात सपाट लाकडी होडीनं, आणि शेवटी तिसरं एवढंसं तळं, ज्यात कडा सरळ उतरते. पाणी काळं, थंड, अंगावर काटा आणणारं. यात कोणी न्हाणार नाही. हे वाक्य वाचून दाखवायचं.

होडी कोलोमाननं चालवली. होडीवाल्याची पाठ धरली म्हणून तो आला असं सांगितलं, पण होडीवाला काठावर बसून सॉसेज खात होता आणि त्याच्या पाठीत मला काही दिसलं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

कोलोमान सारखा विचारत होता, "तुम्ही किती दिवस आहात? सप्टेंबर लागेपर्यंत? अग्निशमन दलाच्या जत्रेला आहात ना?" हे विचारताना तो वाल्लीकडे पाहत होता. लाजरा माणूस असाच करतो. जिच्याबद्दल विचारायचं तिच्याकडे पाहायची हिंमत होत नाही, म्हणून शेजारच्या निरुपद्रवी माणसाकडे पाहतो. आमच्या हॉफरातसाहेबांनी मला मागणी घातली तेव्हा ते माझ्या आईच्या मांजराकडे पाहत होते.

मग खात्री पटली. कोळी माझ्यात गुंतलाय.

या वयात हे काय नसतं झेंगट.

१४ ऑगस्ट

हालश्टाटला जाऊन आलो. गाव सुंदर आहे असं म्हणतात. मला माणसांच्या पाठी दिसल्या. जगातल्या सगळ्या देशांनी आपापल्या पाठी तिथे आणून ठेवल्या आहेत. लोक तळ्याकडे तोंड करत नाहीत, तळं मागे घेऊन फोनकडे तोंड करतात. श्निट्झेल, म्हणजे मांसाचा तळलेला काप, चपलेसारखं होतं आणि त्याला मी चपलेइतकेच मार्क दिले.

तिथे डिर्न्डल भाड्यानं मिळतात. एक परदेशी पोरगी, चोवीसेक वर्षांची, गाठ मागे बांधून मिरवत होती. मला राहवेना. हातवारे करून समजावलं, बाई गं, नवरा जिवंत असताना असं हिंडू नकोस, आणि नवराच नसेल तर डावीकडे घे. गाठ सोडून डावीकडे घालूनही दिली. पोरीनं खूश होऊन माझ्या गळ्यात हात टाकला आणि तिच्या आईनं माझा फोटो काढला. आता मी कुठल्या तरी देशात तिथल्या लोकांना दाखवली जाणार, हालश्टाटची म्हातारी म्हणून.

बसमध्ये वाल्लीनं विचारलं, "गेरली, एखादीनं गाठ उजवीकडे न्यायची ठरवली, तर आधी कोणाला सांगावं लागतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे बहिणीला वगैरे."

"वाल्ली, तुला ऊन लागलंय. पाणी पी."

ती पाणी प्यायली.

१७ ऑगस्ट

आज एक गोष्ट नोंदवते. कोलोमान सकाळी दोन झाइबलिंग देऊन गेला. त्सेंझीनं ताटं वाढली. माझ्या माशात काटे तसेच होते. वाल्लीचा मासा मात्र एकूण एक काटा काढून, परत जुळवून ठेवलेला. इतकं सुबक काम स्वयंपाकघरात होत नाही, ते कोळ्याच्या हातचं. त्सेंझी धांदरट, तिनं ताटांची अदलाबदल केली होती. मी ताटं बदलून घेतली.

"अहो हॉफरातीणबाई," त्सेंझी म्हणाली, "ते ताट वाल्लीबाईंचं..."

"मला कळतं कोणाचं ते."

त्सेंझीला एकदम चुलीकडे तोंड करून खोकावं लागलं. मासा उत्कृष्ट होता. वाल्लीनं काट्यांचा मासा निमूट खाल्ला. ती काही बोलत नाही हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

"कोलोमान यंदा रोज येतोय," त्सेंझी नंतर म्हणाली. "एरवी आठवड्यातून दोनदा यायचा."

"माणसाला कोणाची तरी चौकशी करावीशी वाटते."

"ते तर खरंच," असं म्हणून ती पुन्हा खोकली. तिनं छाती तपासून घ्यायला हवी.

२० ऑगस्ट

डोंगरावर गेलो. कुरणातल्या झोपडीत ताक, राईची भाकरी आणि नाकाला झोंबणारं चीज. हजार मीटरच्या वर गेलं की आमच्याकडे "तुम्ही" खाली दरीत ठेवून यायचं असतं. वर मंत्री असो की गवळी, सगळे "तू". मला हा रिवाज कधीच आवडला नाही. उंची वाढली की माणसाची किंमत का उतरावी?

कोलोमान सोबत आला होता. वर पोचल्यावर तो वाल्लीला म्हणाला, "तू दमलीस, बस." मला म्हणाला, "हॉफरातीणबाई, तुम्ही इथे सावलीत बसा." म्हणजे हजार मीटरवरही या माणसाच्या तोंडून माझ्यासाठी "तू" निघेना. एखाद्याच्या मनात एखादीबद्दल इतका आदर असणं, हे सोपं नाही. मला जरा भरून आलं, हे कबूल करते.

उतरून खाली रस्त्याला लागलो तरी तो वाल्लीला "तू"च म्हणत होता. "तू माझा हात धर, दगड ओला आहे." मी तिला नंतर बजावलं, "खेडवळ माणूस आहे, त्याला खाली आल्याचं भान नाही. पण तू तरी सांगायचंस."

"मी काय सांगू?"

"की आपण आता हजार मीटरच्या खाली आहोत."

"त्याला माहीत आहे, गेरली," ती म्हणाली.

२२ ऑगस्ट

मिठाची खाण. पांढरे झगे घालून लोक डोंगराच्या पोटात जातात आणि आत खाणकामगारांच्या लाकडी घसरगुंडीवरून खाली येतात. पैसे देऊन घसरायचं. खांद्यामुळे मी बाहेर बाकावर बसून मधाचा लेपकुखन खाल्ला. कडक, मसालेदार, चावायला दात लागतात. मला ते आहेत.

वाल्ली आत गेली. कोलोमान तिच्यासोबत गेला, कारण "खाणीत एकट्या बाईमाणसानं जाऊ नये". दर अर्ध्या तासाला चाळीस माणसांचा जथा आत जातो, पण असो. माझ्या मनात आपलं वजन वाढावं म्हणून माझ्या बहिणीची काळजी घेतो, हे मला समजतं.

घसरगुंडीवर आपोआप फोटो निघतो. वाल्लीनं तो विकत घेतला. फोटोत ती कोलोमानच्या मागे बसलीय, दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलंय आणि तोंड उघडं टाकून हसतेय. तिच्या इतक्या दाढा मी कधी पाहिल्या नव्हत्या. खाणीतला उजेड वाईट असतो, त्यात माणूस ओळखू येत नाही.

तिनं तो फोटो मला ठेवायला दिला नाही.

२५ ऑगस्ट

हे आता मिटवायला हवं. हॉफरातांची विधवा कोळ्याची बायको होऊ शकत नाही. व्हिएन्नात दारावर पाटी काय लावायची? तसा माणूस वाईट नाही. हात मोठे, गरम. होडीतून उतरताना त्यानं मला धरलं होतं. दोन रात्री मी याचा विचार केला, हेही लिहून ठेवते, आणि माझं उत्तर नाही असंच आहे. त्याचं मन दुखेल. पण पी हळद अन् हो गोरी असं आयुष्यात होत नसतं.

स्वतः सांगितलं तर तो रडेल. म्हणून वाल्लीला पाठवलं.

"त्याला नीट सांग," मी म्हटलं. "हॉफरातीणबाईंना तुमच्याबद्दल आदर आहे, पण त्यांच्याकडून आशा धरू नका."

वाल्ली माझ्याकडे पाहतच राहिली. "गेरली, तुला खरंच असं वाटतं?"

"मला वाटत नाही, मला दिसतं. जा."

"आधी माझं ऐकून घे. मी आल्यापासून तुला सांगायचा प्रयत्न करतेय की मी आणि..."

"तू आणि मी, हो, ऑक्टोबरपासून. ते आपण नंतर बोलू. आधी त्याला मोकळं कर बिचाऱ्याला."

ती गेली. दोन तासांनी आली. डोळे लाल, गालही लाल. दयाळू आहे, दुसऱ्याचं दुःख लगेच लावून घेते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, हॉफरातीणबाईंना सांग, मला फार वाईट वाटलं."

मला माहीत होतं.

रात्री भोपळ्याच्या बियांच्या तेलातली कोशिंबीर. नीट चव लागली नाही.

२९ ऑगस्ट

जत्रेवरून आत्ताच आले.

अग्निशमन दलाचा मांडव, लांब बाकं, पितळी वाद्यांचा बँड, बिअर. आमच्या टेबलावर मी, त्सेंझी, गावचे पाद्री आणि कोलोमान. नकार मिळालेला माणूस येऊन बसला याचं मला कौतुकच वाटलं. वाल्ली उशिरा आली. तोच हिरवा-गुलाबी डिर्न्डल. आणि गाठ उजवीकडे.

मी म्हटलं, "वाल्ली, गाठ उजवीकडे गेलीय."

"हो."

"हो काय? लोक काय म्हणतील? इकडे ये."

पुढे माझे हात चालतात. मी टोक धरून ओढलं, सुरगाठ सर्रकन सुटली आणि अ‍ॅप्रन तिच्या पायाशी लोंबायला लागला. बँडची एक धून नुकतीच संपली होती. आजूबाजूची चार टेबलं आमच्याकडे बघायला लागली. मी पट्टा डावीकडे घेतला.

वाल्लीनं माझ्या हातातून तो काढून घेतला. ओढला नाही, एकेक बोट सोडवून घेतला. मग सावकाश परत उजवीकडे बांधला आणि वर हात फिरवला.

"गाठ बरोबर होती, गेरली," ती म्हणाली. "मीच बांधली होती."

कोलोमान उठून उभा राहिला, टोपी हातात. "हॉफरातीणबाई, मी तुमच्याकडे येणारच होतो. वाल्ली म्हणाली, नको, माझी बहीण आहे, मी सांगते. पहिल्या दिवसापासून ती सांगतेय."

"मला कोणी काही सांगितलेलं नाही."

"तुम्ही ऐकलं नाही," तो म्हणाला. आवाज न चढवता. तेव्हाही "तुम्ही"च.

यानंतर मी जे बोलले ते का बोलले देव जाणे. मी म्हटलं, "पण मी तुम्हाला नकार कळवला होता."

"मिळाला," तो म्हणाला आणि किंचित वाकला. "वाल्लीनं दिला. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, मला वाईट वाटलं असं सांग, असं मीच तिला म्हटलं."

त्सेंझीनं बिअरचा मग तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. पाद्रींनी आकाशाकडे पाहिलं, वर मांडवाचं कापड होतं. मग बँड सुरू झाला. मी माझं सॉसेज शेवटपर्यंत खाल्लं. मोहरीसकट. हॉफरातीणबाई ताट टाकून पळाल्या, असं कोणी म्हणायला नको.

३० ऑगस्ट

कानामागून आली आणि तिखट झाली.

हे वाक्य सकाळी लिहिलं आणि तसंच ठेवलं, कारण पुढे काही सुचलं नाही.

चार उन्हाळे चाललंय म्हणे. चार. मी दुपारी झोपायचे तेव्हा ती "टपाल टाकायला" जायची. इतकं टपाल कोणाला असतं, हे माझ्या मनात यायला हवं होतं. मोजेही त्याच्याचसाठी विणलेले. चर्चची विक्री झालीच नव्हती. अख्ख्या गावाला माहीत होतं, त्सेंझीला, पाद्रींना, काठावर सॉसेज खाणाऱ्या त्या होडीवाल्यालासुद्धा. काटे काढलेल्या माशाचं आठवून मला आत्ता या खुर्चीत बसल्या बसल्या मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाल्ली दुपारी खोलीत आली. बाकावर बसली, हात मांडीवर.

"ऑक्टोबरमध्ये मी खोली सोडतेय," ती म्हणाली. "तू म्हणालीस तसंच. सामान फक्त इकडे येईल."

"आणि मी?"

बाहेर कोणीतरी होडी धूत होतं.

"गेरली, तू मला आजवर कधी विचारलंस, आणि तू?"

मी म्हटलं, तुला काय कमी केलं, उन्हाळ्यात फिरायला आणलं, खायला घातलं, खोलीला पडदा बदलून देणार होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली, नेहमीसारखी. ती काही बोलत नाही हा तिचा गुण, असं मीच वर कुठेतरी लिहिलंय. पानं उलटून पाहिलं. लिहिलंय.

मला राग त्यांच्या लग्नाचा नाही. मला वाल्ली हवी आहे. ती सकाळी दार उघडून "बर्फ पडतोय" किंवा "ट्राममध्ये फार गर्दी" असं काहीतरी सांगत येते, ते मला हवं आहे. हूक कोणीही लावेल. हे तिला सांगायला हवं होतं आणि मी पडद्याचं सांगितलं.

१ सप्टेंबर, व्हिएन्ना

सकाळी निघायचं होतं. वाल्लीनं तिथेच राहायचं ठरवलंय, ऑक्टोबरमध्ये येऊन खोली आवरेल. मी तिला हाक मारली नाही. डिर्न्डल स्वतःच घातला. आतले मागचे हूक तसेच राहू दिले, डिर्न्डल पुढून लागतो, राहिली अ‍ॅप्रनची गाठ. डाव्या हातानं पट्टा मागून फिरवला, उजवा हात जिथवर जातो तिथवर नेला. तो डाव्या कुशीपर्यंतच जातो. तिथेच बांधली.

म्हणजे मी मोकळी. एकाहत्तराव्या वर्षी, गिऱ्हाईक शोधायला निघाल्यासारखी, सगळ्या खाणावळीसमोरून न्याहारीला गेले. त्सेंझीनं पाहिलं आणि पहिल्यांदाच ती खोकली नाही. तिनं निमूट कॉफी ओतली. मला ते खोकण्याहून जास्त लागलं.

स्टेशनवर कोलोमाननं सामान आणलं. त्यानंही गाठ पाहिली. त्या माणसाच्या तोंडावरची एक रेषा हलली नाही. त्याबद्दल त्याला मार्क द्यायला हवेत, देते. मला म्हणाला, "हॉफरातीणबाई, डोंगरावर या. तिथे मी तुम्हाला तू म्हणेन. आता नात्यातच आहोत."

मी म्हटलं, "बघू."

गाडी आली तशी वाल्ली धावत आली. काही न बोलता माझ्या मागे गेली, डावीकडची गाठ सोडली आणि मागे बांधली. इतक्या जोरानं की माझा श्वास अडकला. मी म्हणणार होते, सैल कर. मी म्हणणार होते, वाल्ली, उजवीकडची गाठ तुला शोभते. गार्डनं शिट्टी वाजवली आणि मी म्हटलं, "थंडीत स्वेटर घालत जा." ती म्हणाली, "तूही."

संध्याकाळी घरी आले. गाठ सोडायला गेले, म्हणजे भिंतीला पाठ घासली, दाराच्या कडीत अडकवून पाहिली, लाकडी चमच्यानं ओढून पाहिली. ती सुटेना. दर वर्षी सुरगाठ असते, टोक ओढलं की मोकळी. या वेळी वर सुरगाठ आणि खाली निरगाठ. मी खुर्चीत बसले आणि मला वाटलं, सूड घेतला. इतकी वर्षं बोलली नाही, शेवटी माझ्या पाठीवर बांधून ठेवलं.

शेवटी खाली गेले. दुसरं होतंच कोण. डॉक्टरीणबाई वोंद्राक यांनी दार उघडलं, मला फिरवलं, चष्मा लावला आणि नखांनी गाठ उकलायला लागल्या. बराच वेळ लागला.

"कोणी बांधली ही?"

"बहिणीनं. तिचं लग्न ठरलंय."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं.

"शहाणी आहे तुमची बहीण," बाई माझ्या पाठीमागून म्हणाल्या. "दिवसभराचा प्रवास, दोनदा गाडी बदलायची. सुटली असती तर वाटेत कोणी बांधून दिली असती तुम्हाला?"

मी भिंतीकडे तोंड करून उभी होते हे बरं झालं. भिंतीवर त्यांच्या वोर्थरसेचा फोटो होता. तो मी बराच वेळ पाहत राहिले. नीट दिसत नव्हता.

त्यांनी अ‍ॅप्रन काढला, घडी केली, माझ्या हातावर ठेवला. तळं कसं होतं, हे विचारलं नाही. म्हणाल्या, "आणि सकाळी? बहीण रोज येऊन लावायची ते हूक कोण लावणार आता?"

मी अ‍ॅप्रनची घडी उलगडून परत घातली.

"आठला वर येते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आठ म्हणजे आठ. मला ताटकळायची सवय नाही."

पायऱ्या चढून वर आले. वाल्लीची निळी चप्पल दाराआड होती, ती उचलली आणि परत तिथेच ठेवली.